फुफाट्यातला ट्रक

रिमोटवर चालणाऱ्या ऑफरोड ट्रकच्या खोक्यातून जी पुस्तिका निघते ती वाईट नसते. चित्रं नेमकी असतात, स्क्रूची लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, कुठे ग्रीस लावायचं आणि कुठे चुकूनही लावायचं नाही तेही सांगितलेलं असतं. फक्त एक गोष्ट तिने न सांगता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे जमीन. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे कॅलिफोर्नियातला किंवा टेक्सासमधला ट्रॅक असतो. तिथली माती चाळलेली, रोलर फिरवलेली आणि शर्यतीआधी पाणी मारून बसवलेली. तोच ट्रक तेच आकडे लावून पाटोद्याच्या मुरमाड माळावर किंवा माजलगावच्या काळ्या रानात सोडा. पहिल्या दहा मिनिटांत तो घसरेल, विसाव्या मिनिटाला तापेल आणि महिनाभरात चाकाला हात लावला की करकर आवाज देईल. ट्रक तोच, पुस्तिकाही खरी. जमीन बदललेली असते. हे पुस्तक त्या जमिनीसाठी लिहिलं आहे.

आधी कशाबद्दल बोलतोय ते स्पष्ट करतो, कारण 'रिमोटची गाडी' म्हटलं की जत्रेतलं खेळणं डोळ्यापुढे येतं. ते बिघडलं की फेकून देतात. इथला ट्रक खऱ्या गाडीच्या १/१० किंवा १/८ मापाचा असतो. त्याचा प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो आणि जवळपास प्रत्येक कोन बदलता येतो. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, तेल भरलेले शॉकअप, डिफरन्शियल, जास्तीचा झटका गिळणारा स्लिपर क्लच, वीसेक बॉल बेअरिंग आणि या सगळ्याला पळवणारी एक ब्रशलेस मोटर. १/१० मापाचं दोन-अडीच किलोचं यंत्रही उड्या मारत ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने जातं. म्हणून पहिली सूचना इथेच देऊन ठेवतो: रस्त्यावर नको, शेळ्या-वासरांजवळ नको आणि पोरं बघायला जमली असतील तर त्यांच्या बाजूला तोंड करून अजिबात नको.

इतिहास थोडक्यात उरकतो. रेडिओने यंत्र हाकण्याचं पेटंट निकोला टेस्लाला ८ नोव्हेंबर १८९८ रोजी मिळालं. त्याने दाखवली होती ती छोटी बोट. मातीत पळणाऱ्या गाड्या खऱ्या अर्थाने लोकांच्या हातात आल्या त्या १९७९ मध्ये, जपानातल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीच्या रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या दोन बग्ग्यांमुळे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या असोसिएटेडने आरसी१० आणली. अॅल्युमिनियमची चॅसी, तेलाचे शॉकअप, सगळं शर्यत डोळ्यापुढे ठेवून केलेलं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेल मार इथे या मापाच्या इलेक्ट्रिक ऑफरोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ट्रक हे त्या बग्गीचंच रुंद अंगाचं आणि मोठ्या चाकांचं भावंड. २००८ मध्ये ट्रॅक्ससचा स्लॅश आला आणि ज्यांना शर्यतीशी देणंघेणं नव्हतं तेही ट्रक घेऊ लागले. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये 'फुल थ्रॉटल' नावाने इंधनावर चालणाऱ्या रिमोट गाड्यांच्या शर्यती झाल्या आणि इंजिनिअरिंगच्या पुष्कळ पोरांनी हा प्रकार पहिल्यांदा तिथे पाहिला. इतिहास एवढा पुरे.

आता जमीन. बीड जिल्हा बेसाल्टवर बसलेला आहे आणि बालाघाटच्या रांगेने त्याचे वर-खाली असे भाग पाडले आहेत. वर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बाजूला माती पातळ आणि खाली मुरूम. मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्टच. वरून सुटे खडे, खाली टणक थर. यावर ट्रक चालवणं म्हणजे चाक आणि जमीन यांच्यामध्ये खड्यांचा एक थर कायम असणार हे मान्य करणं. इथे उंच आणि विरळ दात असलेला मऊ रबराचा टायर खडे बाजूला सारून खाली पकड घेतो. गुळगुळीत ट्रॅकसाठीचा बारीक नक्षीचा टायर वरच्यावर तरंगतो. खाली गोदावरीच्या अंगाला, गेवराई-माजलगावकडे खोल काळी माती. ती उन्हाळ्यात तडकते आणि भेगा इतक्या रुंद पडतात की १/१० ट्रकचं पुढचं चाक आत जाऊन सस्पेन्शनचा आर्म मुळातून तुटतो. पावसाळ्यात तीच माती चाकांना लगडते. चारही चाकांवर मिळून पाऊण किलो चिखल बसला की मोटरला तो दुसरा ट्रक वाटतो. नदीकाठी वाळू आहे, परळीच्या बाजूला वीजकेंद्राची राख आहे. ती राख इतकी बारीक की दिसत नाही आणि इतकी टणक की धातू घासते. या सगळ्यावर वर्षातले आठ महिने फुफाटा.

परदेशी ट्रॅकवर फुफाट्याचा उपाय सोपा असतो: पाणी. शर्यतीच्या दिवशी दर तासाला ट्रॅक भिजवतात, माती बसते, पकड येते. बीडमध्ये मी हा उपाय सुचवणार नाही. ज्या गावात एप्रिलपासून टँकरची वाट बघतात तिथे खेळासाठी रानावर पाणी ओतणं शोभत नाही, आणि शोभलं तरी बायाबापड्या बोलल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांचं बरोबरच असेल. तेव्हा ट्रॅक कोरडाच राहणार. ट्रॅक बदलत नसेल तर ट्रक बदलायचा, असा या पुस्तकाचा सगळा हिशेब आहे. ट्रॅकची हद्द आखायला मात्र आपल्याकडे जे आहे ते कुठल्याही देशात इतकं स्वस्त मिळणार नाही: ठिबकच्या जुन्या नळ्या. दोन पदरी करून खुंट्यांनी दाबल्या की वळणं दिसतात आणि ट्रक आदळला तरी मोडत नाही. सुगीनंतरचं मोकळं वावर मालकाला विचारून घ्यावं. धसकटं आधी काढावीत, ती टायरच्या कडा फाडतात. बाभळीच्या काट्याची मात्र फिकीर नको. या टायरमध्ये हवा नसते, फोम असतो.

फुफाटा ट्रकमध्ये कुठून शिरतो हे कळलं की निम्मी देखभाल कळली. तो सगळ्यात आधी बेअरिंगमध्ये जातो. चाकाच्या बेअरिंगचं एक नेहमीचं माप ५×११×४ मिलिमीटर. दुकानात एमआर ११५ म्हणून मागावं आणि शेवटी २आरएस आहे का ते बघावं. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. पुष्कळ ट्रकमध्ये धातूच्या झाकणाची बेअरिंग येतात; ती जरा मोकळी फिरतात, पण आपल्या धुळीत त्यांचा निभाव लागत नाही. बालाघाटच्या गवताळ माळावर आणखी एक शत्रू आहे, कुसळ. ते अॅक्सलभोवती गुंडाळत गुंडाळत आत सरकतं आणि सीलच्या ओठाखाली शिरतं. बाहेरून काही दिसत नाही. चाक काढलं तरच कळतं. उसाच्या फडाजवळ चालवलं तर पाचटाचा धागाही हेच करतो.

चालवून आल्यावर लोक ट्रक घेऊन थेट पंक्चरच्या दुकानात जातात आणि कॉम्प्रेसरची हवा मारून घेतात. ट्रक दिसायला चकचकीत होतो. मात्र त्या दाबाने वरची धूळ सीलच्या आत ढकलली जाते, आणि हवेवर बेअरिंग शिट्टी वाजवत फिरलं की पोरांना गंमत वाटते ती वेगळीच. कोरडं बेअरिंग तसं फिरवलं की आतल्या गोळ्या खराब होतात. आधी रंगाचा मऊ ब्रश, मग हवा मारायचीच तर हातभर अंतरावरून. कुठलाही फिरता भाग बोटाने धरून ठेवायचा. गिअर धुवायला रॉकेल चालतं. पेट्रोल नको, रबराच्या रिंगा फुगतात. आणि धुतल्यावर उघड्या गिअरवर ग्रीस थापायचं नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण द्यायची आपली सवय जुनी आहे, हात आपोआप डब्याकडे जातो. पण उघड्या दात्यांवरचं ग्रीस धूळ धरून ठेवतं आणि ते मिश्रण पॉलिश पेपरचं काम करतं. बंद डब्यातल्या गिअरला ग्रीस, उघड्या प्लॅस्टिकच्या गिअरला काहीही नाही.

ट्यूनिंग या शब्दाला आपल्या पोरांमध्ये फार वजन आहे आणि देखभालीला अजिबात नाही. पुस्तकाचा पहिला अर्धा भाग म्हणून मुद्दाम देखभालीला दिला आहे. ट्रक डावीकडे ओढतो. पोरगा रिमोटवरचं ट्रिम फिरवतो, ट्रक सरळ जातो, प्रश्न संपला असं त्याला वाटतं. खरं म्हणजे मागच्या आर्मची पिन वाकलेली असते, किंवा एका शॉकअपमधलं तेल गळून अर्ध्यावर आलेलं असतं. ट्रिमने ते झाकलं. पुढच्या आठवड्यात तो स्प्रिंग बदलतो, मग कॅम्बर म्हणजे चाकाचा तिरपेपणा, मग टायर. आता चार गोष्टी चुकलेल्या असतात आणि पहिली कुठली ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून माझा हट्ट आहे: ट्यूनिंगचं कुठलंही प्रकरण उघडण्याआधी ट्रक टेबलावर ठेवून चारही चाकं एकेक करून हलवायची. प्ले कुठे आहे ते बघायचं. शॉकअप काढून, हातात दाबून चौघांचा वेग सारखा आहे का ते बघायचं. स्टिअरिंगचा सर्व्हो आणि त्याला झटक्यापासून वाचवणारा सर्व्हो-सेव्हर यांच्यात ढिलाई आहे का ते बघायचं. स्क्रू धातूत जात असेल तर निळं थ्रेडलॉक, प्लॅस्टिकमध्ये जात असेल तर ते अजिबात नाही. प्लॅस्टिकमधले आटे गेले असतील तर जाड स्क्रू घुसवून वेळ मारून न्यायची नाही.

हे झाल्यावर शॉकअप. या विषयावर पुस्तकात सगळ्यात जास्त पानं आहेत, कारण आपल्या हवेत फरक सगळ्यात जास्त इथे पडतो. शॉकअपच्या आत पिस्टनला बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून सिलिकॉन तेल इकडून तिकडे जातं. तेल जितकं घट्ट तितका ट्रक संथपणे बसतो आणि उठतो. घट्टपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात; बाटलीवर '३० वेट' लिहिलेलं असेल तर एका प्रचलित कोष्टकाप्रमाणे ते साधारण ३५० सेंटिस्टोक. पण हा आकडा २५ अंश तापमानाचा असतो. आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी पारा दहा-बाराच्या घरात असतो आणि मेच्या दुपारी बेचाळीसच्या. सिलिकॉन तेल इतर तेलांपेक्षा कमी बदलतं, पण बदलतंच. हिवाळ्यात बसवलेला ट्रक उन्हाळ्यात उडीनंतर पोट जमिनीवर आपटतो ते यामुळे. पोरं म्हणतात स्प्रिंग बसली. स्प्रिंग तशीच असते, तेल पातळ झालेलं असतं. एप्रिल लागला की पाच ते दहा वेट चढायचं, दिवाळीनंतर उतरायचं. स्वस्तात पडतं म्हणून मोटरसायकलच्या शॉकअपचं तेल भरणारे आहेत. ते उन्हात फारच पातळ होतं आणि सिलिकॉन रबराच्या रिंगा त्यात फुगतात.

तेलाचा दुसरा हिशेब जमिनीचा. वखरलेल्या रानात बारीक, एकामागून एक धक्के येतात. तिथे घट्ट तेल असेल तर चाक खाली यायच्या आत पुढचा धक्का येतो आणि ट्रक टकटक उडत जातो. तिथे पातळ तेल हवं. बांधावरून उडी मारायची तर घट्ट हवं, नाहीतर उतरताना चॅसी आपटेल. एकाच ट्रॅकवर दोन्ही असतील तर? तर तडजोड, आणि माझ्या मते तडजोड नेहमी धक्क्यांच्या बाजूने करावी. लॅपमध्ये उड्या दोन-तीन असतात, धक्के शेकडो. डिफरन्शियलमधलं तेल हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे पाच-सात हजार सेंटिस्टोकचं तेल लागतं, काकवीसारखं. सुट्या मुरमावर मी मागच्या डिफमध्ये पुस्तिकेपेक्षा पातळ तेल भरतो, म्हणजे वळणात गॅस दिला तरी शेपटी एकदम सुटत नाही.

गिअरचा हिशेब मात्र कागदावर करता येतो आणि करावाच. मोटरवर ३३०० केव्ही लिहिलेलं असेल तर दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे, तेही बोजा नसताना. दोन सेलच्या बॅटरीचे ७.४ व्होल्ट धरले तर २४,४२०. समजा मोठ्या स्पर गिअरला ८७ दाते, मोटरवरच्या पिनियनला २४ आणि ट्रान्समिशनच्या आत २.६ ची घट. एकूण घट साडेनऊच्या थोडी खाली येते. दहा सेंटीमीटर व्यासाचं चाक मग मिनिटाला २,५९० च्या आसपास फिरतं, म्हणजे ताशी ४९ किलोमीटर. पिनियन २० दात्यांचा लावला तर ४१. या आठ किलोमीटरसाठी पोरं जीव टाकतात. काळ्या मातीत तो वेग कधी मिळतच नाही. मिळते फक्त उष्णता. मोटरचं तापमान ८० अंशांवर जाऊ देऊ नये, त्यापलीकडे आतली चुंबकं कायमची कमजोर होऊ लागतात. मे महिन्यात मोटर सुरू व्हायच्या आधीच चाळिशीत असते. उन्हाळ्यात दोन-चार दाते कमी, आणि दहा मिनिटं पळवलं की दहा मिनिटं सावली. पिनियन बदलला की दोन गिअरमधलं अंतर पुन्हा बसवायचं: वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी दात्यांमध्ये घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे, पट्टी फिरवून काढायची. कागद चुरगळला पण फाटला नाही म्हणजे अंतर बरोबर.

लिथियम पॉलिमर बॅटरीबद्दल मी जरा कडक लिहिलं आहे. प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, तीनच्या खाली गेला की तो सेल गेलाच समजा. आठवडाभर वापरायची नसेल तर ३.८ वर आणून ठेवायची. पत्र्याच्या शेडमध्ये, मोटरसायकलच्या डिकीत, खिडकीत नाही. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, रानात जायचं नाही. फुगलेली बॅटरी 'अजून चालते' म्हणून वापरायची नाही. लाइट गेली आणि आली की काही चार्जर पहिल्यापासून सुरू होतात आणि सेलची संख्या पुन्हा निवडावी लागते. ती चुकली तर आग लागू शकते.

इंधनावरच्या ट्रकला पुस्तकात एकच छोटं प्रकरण आहे. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं ते मिश्रण आपल्या भागात सहज मिळत नाही आणि फुफाट्यात त्या इंजिनाचा एअर फिल्टर दर फेरीनंतर धुऊन तेलात भिजवावा लागतो. एकदा आळस केला की धूळ सिलिंडरमध्ये गेली. आवाज मात्र असा की ज्याने एकदा ऐकला त्याला समजावण्यात अर्थ नाही.

सुटे भाग पुण्या-मुंबईहून किंवा कुरिअरने येतात आणि तोवर ट्रक टेबलावर पडून राहतो. म्हणून आपल्या गावातला कारागीर उपयोगाचा. बीड, अंबाजोगाई, परळी, कुठेही जा. विहिरीवरच्या मोटरी आणि ट्रॅक्टर यांच्यामुळे लेथवाला आणि डाग देणारा हाताशी असतोच. लेथवर स्टीलची पिन उत्तम होते, बॅटरीचा कनेक्टर जाड टोकाच्या सोल्डरिंग गनने चांगला बसतो. एक सावधगिरी: कारागीर मनाने चांगला असतो, त्याला वस्तू मजबूत करून द्यायची असते. प्लॅस्टिकचा आर्म तुटला की तो म्हणेल, लोखंडी करून देतो, पुन्हा येणार नाही. करू नका. आर्म प्लॅस्टिकचा ठेवलेला असतो तो आधी तुटण्यासाठीच. तो लोखंडी केला की पुढचा धक्का आर्म ज्यावर बसतो त्या बल्कहेडवर जातो, तिथून चॅसीवर, आणि दोनशे रुपयांच्या जागी दोन हजार लागतात.

परवान्याबद्दल नेहमी विचारतात म्हणून लिहितो. आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात २००५ पासून परवान्यातून मोकळा आहे. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या संचात क्रिस्टल बदलावा लागे, आणि दोघांचा क्रिस्टल एकच निघाला की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याचा ट्रक पळे. असा जुना संच कोणी स्वस्तात देत असेल तर ट्रक घ्यावा, रिमोट त्याच्याकडेच राहू द्यावा. नवा घेताना सिग्नल तुटल्यावर गाडी थांबवणारा फेलसेफ आहे का ते विचारावं, आणि घरी आणल्यावर चाकं हवेत धरून, रिमोट बंद करून खात्री करावी.

बॉडी रंगवणं, दिवे लावणं, खऱ्या ट्रकची नक्कल करणं यावर इथे एक ओळही नाही. ती कला आहे आणि मला येत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मात्र कोरा तक्ता दिला आहे: तारीख, जागा, माती कोरडी की ओलसर, हवेचं तापमान, टायर, चारही शॉकअपचं तेल, पिनियन, आणि काय बदललं. 'काय बदललं' या रकान्यात मुद्दाम एकाच गोष्टीपुरती जागा सोडली आहे. दोन गोष्टी लिहायची वेळ आली तर त्यातली एक परत पहिल्यासारखी करा आणि मग ट्रक सोडा. छापलेले माझे आकडे शिरूरच्या माळावरचे आणि माजलगावजवळच्या रानातले आहेत. तुमच्या गावची माती निराळी असेल तर ते खोडून तिथेच, पेननेच, तुमचे लिहा.